मायाप्पा ड्रेसरचा दुसरा व्हिडिओ

भाच्याच्या मुलीचं बारसं म्हणून मायाप्पा व्हनमाने बायकोला घेऊन सोलापुरातून वळसंगला गेले. अंगणात पाय ठेवतात तोच त्यांची थोरली बहीण सारजाबाई ओट्यावरून उतरून समोर आली. नवल होतं ते तिच्या उतरण्याचंच. दोन वर्षांपूर्वी हीच बाई भिंत धरून उठायची, आणि उठताना देवाची नावं घ्यायची. आता दोन्ही हातांत पाण्याचे तांबे घेऊन ती तरातरा चालत आली. तोंड गोल झालं होतं, गाल वर आले होते, सत्तरीच्या बाईचा चेहरा कसा तुकतुकीत दिसत होता.

"आक्का, बाळसं तुमीच धरलंय की!" मायाप्पांची बायको म्हाळसाबाई म्हणाली. सगळे हसले.

मायाप्पा पाया पडायला वाकले. वाकले ते लवकर उठेनात. त्यांचा अंगठा बहिणीच्या घोट्याच्या वर टेकला, दाबला गेला, आणि उचलल्यावर तिथं खळी तशीच राहिली.

"काय रं," सारजाबाईनं पाय मागं घेतला, "बहिणीच्या पाया पडतूयास का बाजारात बोकड बघतूयास?"

पुन्हा हशा झाला. मायाप्पाही हसले, पण पाळण्याची गाणी संपेपर्यंत त्यांचं लक्ष बहिणीच्या तोंडावरून हललं नाही. गोल चेहरा, मानेच्या मागं आलेला उंचवटा, आणि दंड मात्र काटकीसारखे.

हे ध्यान त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. माणसात नव्हे, बोकडात. मायाप्पांचा जन्म मेंढरामागं गेलेल्या घरातला. दहावी झाले आणि जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर म्हणून लागले. दुधनी, वैराग अशी बदलीची गावं करत एकतीस वर्षं जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या, डॉक्टर सुई टोचताना जनावर धरलं. वैरागला असताना तिथल्या डॉक्टरसाहेबांनी एकदा बाजारात नेऊन त्यांना एक बोकड दाखवला होता. चांगला भरलेला, चकचकीत. "दाब इथं," साहेब म्हणाले. अंगठ्याची खळी राहिली. "हे मांस नाही, पाणी आहे. चार दिवस स्टेरॉइडची सुई दिलीय. उद्या खाटकाकडे जाईल, म्हणजे कुणाला कळायचं नाही." त्या दिवसापासून मायाप्पांचा अंगठा कधी फसला नाही.

जेवणं झाल्यावर त्यांनी बहिणीला बाजूला घेतलं. "आक्का, गुडघ्याला काय घेतीस?"

"इंद्रजीत वैद्यांची पुडी. मोकळीक चूर्ण. झाडपाल्याचं हाय, त्यात काय बी न्हाय." तिनं कपाटातून पत्र्याचा डबा काढला. आत कागदी पुड्यांच्या चळती. "दीड वरीस झालं. रोज सकाळी एक. घेतली की तासाभरात गुडघं लोण्यावानी."

"तासाभरात?"

"व्हय की! तुज्या डॉक्टरांनी दहा वरसांत जे केलं न्हाय ते."

मायाप्पांनी तीन पुड्या मागून घेतल्या. "मला बी गुडघं हायत," एवढंच म्हणाले.

त्या पुड्या त्यांनी पुण्याच्या एका प्रयोगशाळेला पाठवल्या. तीन आठवड्यांनी कागद आला. झाडपाला होता, खोटं नव्हतं. पण त्याबरोबर स्टेरॉइडही होतं. तेच, जे दवाखान्याच्या कपाटात दुसऱ्या फळीवर असायचं. मायाप्पांनी सरकारी कचेरीत रीतसर अर्ज दिला, पोच घेतली, आणि कागद घेऊन ते जोतिराम सरांकडे गेले. सर विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. फेसबुकवर 'पुडीत काय?' नावाचं पान चालवायचे. साखर मुळापासून घालवणारी पुडी, किडनीचा खडा विरघळवणारा काढा, कर्करोगावरचं तेल, असल्या जाहिरातींचे फोटो टाकून सर खाली एकच प्रश्न विचारायचे, "यात काय आहे, ते विकणाऱ्यानं सांगावं." उत्तर सहसा यायचं नाही, शिव्या मात्र यायच्या.

सरांनी कागद दोनदा वाचला. "व्हनमाने, यावर तुम्हीच बोला. माझं बोलणं लोकांना परीक्षेसारखं वाटतं."

"मी? सर, मला चार माणसांत आभार मानायला सांगितलं तर घाम फुटतो."

"चार माणसं कुठं आहेत? एक मोबाईल आहे."

मोबाईल म्हाळसाबाईनं धरला. पहिल्या खेपेला तिचं बोट भिंगावर आलं. दुसऱ्या खेपेला कुकरची शिट्टी झाली. तिसऱ्या खेपेला मायाप्पा बोलायचंच विसरले. "मेंढरं वळताना घसा कसा फुटायचा?" ती वैतागली. "समोर मेंढरं हायत समजा आन् बोला!" चौथ्या खेपेला जमलं.

"मी डॉक्टर न्हाय," मायाप्पा मोबाईलकडं बघत म्हणाले. "जनावराच्या दवाखान्यात ड्रेसर हुतो. बोकड फुगवायला बाजारात जी सुई देत्यात, तेच औषध मोकळीक चूर्णात निघालंय. हा कागद बघा. माझ्या सख्ख्या बहिणीचं तोंड त्या बोकडागत सुजलंय. गुडघा बरा न्हाय झाला, दुखायचं दबलंय. हाडं ठिसूळ हुत्यात, साखर वाढती. आजपास्नं ही पुडी उकिरड्यावर टाका. आजपास्नं!"

शेवटचा शब्द म्हणताना त्यांनी मांडीवर थाप मारली. ती थापच लोकांना आवडली असावी. आठ दिवसांत सरांच्या पानावर तो व्हिडिओ चार लाख लोकांनी पाहिला. बार्शीपासून अक्कलकोटपर्यंतच्या बाया पुड्या उकिरड्यावर टाकून त्याचे व्हिडिओ पाठवू लागल्या. कुणी नुसतंच लिहायचं, "टाकली." दुसऱ्या बाजूनंही पाऊस पडला. 'शेळ्यांचा डॉक्टर' हे नाव पडलं. 'ऋषिमुनींचं ज्ञान खोटं आणि ड्रेसर खरा?' असं कुणी विचारलं. रोज पाचपन्नास लोक खाली नुसतं 'बेंऽ बेंऽ' लिहायचे. फोन करूनही बेंबें करायचे. मायाप्पा शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "आवाज घोगरा येतूय, घसा बघून घ्या."

गल्लीच्या कोपऱ्यावर पदवीधर आयुर्वेदिक डॉक्टर होत्या, त्या एकदा थांबून म्हणाल्या, "बरं केलंत. आमच्या नावावर हे विष खपवतात." एकतीस वर्षं लोकांनी ज्यांच्याकडे फक्त जनावर धरायला बघितलं, त्या माणसाला असं कुणी थांबवून बोललं की घरी जाईपर्यंत अंगात ऊब राहायची. मायाप्पा ते कबूल करत नसत, पण म्हाळसाबाईला कळायचं.

फक्त एक माणूस ऐकत नव्हतं. "तुज्या मोबाईलला माजं गुडघं दुखत्यात व्हय?" म्हणून सारजाबाई फोन ठेवून द्यायची.

आणि एका सोमवारी भाचा धनाजीनं व्हिडिओ पाठवला. सारजाबाई पदर खोचून परसात उभी होती. तिनं अख्खा डबा उकिरड्यावर पालथा केला, वर डब्याच्या बुडावर दोन थापा मारल्या आणि मोबाईलकडं बघून म्हणाली, "घे. सगळं गाव ऐकतंय तुजं, मीच का मागं राहू? भाऊ माजा हाय."

मायाप्पांनी तो व्हिडिओ सगळ्या गल्लीला दाखवला. डोळ्यांत पाणी होतं, ते त्यांनी मोबाईलचा उजेड लागतो म्हणून पुसलं.

शुक्रवारी दुपारी धनाजीचा फोन आला. "मामा, आई उठंना. दोन दिस उलट्या करतीया. हातपाय गार पडल्यात. आमी सिव्हिलला आणलंय, तुमी या."

वॉर्डात सारजाबाई डोळे मिटून पडली होती. बाळसं कुठल्या कुठं गेलं होतं. तरुण डॉक्टरीणबाई होत्या, सुकन्या मॅडम. त्या धनाजीला विचारत होत्या, "कुठलं औषध चालू होतं?"

"काय बी न्हाय मॅडम. हुतं ते बी टाकून दिलं सोमवारी."

"काय होतं?"

धनाजी मामाकडं बघू लागला. मायाप्पांनी खिशातून पुण्याचा कागद काढून दिला. मॅडमनी वाचला, नर्सला लगेच इंजेक्शन सांगितलं, सलाईन वाढवलं, आणि मग वळल्या.

"दीड वर्ष रोज? आणि एका दिवसात बंद? कुणी सांगितलं बंद करायला?"

"मी," मायाप्पा म्हणाले.

मॅडम रागावल्या नाहीत, त्याचंच मायाप्पांना जास्त लागलं. मॅडमनी नीट समजावून सांगितलं. हे द्रव्य शरीर स्वतः थोडं थोडं रोज तयार करतं. बाहेरून आयतं मिळू लागलं की तयार करणाऱ्या ग्रंथी झोपी जातात. मग बाहेरचं एकदम तोडलं तर शरीराजवळ काहीच उरत नाही. रक्तदाब पडतो, माणूस जातो. म्हणून डॉक्टरच्या नजरेखाली आठवड्या-आठवड्यानं, कधी कधी महिनोन्‌महिने, थोडं थोडं कमी करत आणायचं. "तुम्ही दवाखान्यात होता ना? हे माहीत नव्हतं?"

मायाप्पांना वैरागचा बाजार आठवला. खळी आठवली, साहेबांचं बोलणं आठवलं. एकतीस वर्षांत त्यांनी असले शेकडो बोकड ओळखले होते. सुई थांबल्यावर त्यांचं काय होतं ते कधीच पाहिलं नव्हतं.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "बोकडाचं औषध कुणी बंद करतच न्हाय. दुसऱ्या दिवशी त्याला कापत्यात."

मायाप्पा पलंगाच्या लोखंडी दांडीला धरून उभे राहिले. एका बहिणीची काळजी होतीच. पण आता त्यांच्या डोळ्यांपुढं त्या सगळ्या बाया येऊ लागल्या, पदर खोचून, हसत हसत पुड्या टाकणाऱ्या. आपलं ऐकून.

संध्याकाळी सारजाबाईचा रक्तदाब वर आला. तिनं डोळे उघडून "च्या हाय का?" विचारलं, तेव्हा मायाप्पा बाहेर पडले आणि व्हरांड्यातून त्यांनी जोतिराम सरांना फोन लावला. जे झालं ते सांगितलं.

सर म्हणाले, "व्हनमाने, पहिला व्हिडिओ काढून टाकू. गाजावाजा करायचा नाही."

"काढून टाकला तर ज्यांनी बघितलाय त्यांना कसं कळंल?"

"मग लिहून टाकू खाली, बारीक अक्षरात. हे बघा, अर्जाची चौकशी आत्ता कुठं सुरू झालीय. तुम्ही चुकलो म्हणालात की तो इंद्रजीत नाचेल. एवढ्या दिवसांचं काम पाण्यात जाईल. तुमची थट्टा होईल ती वेगळीच."

"सर, बारीक अक्षर आक्काला वाचता येत न्हाय. तिच्यासारख्या किती असतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सुकन्या मॅडमकडून काय सांगायचं ते दोनदा समजून घेतलं. व्हरांड्याच्या बाकावर बसले. म्हाळसाबाईनं मोबाईल धरला. या वेळी एकाच खेपेत झालं.

"मी मायाप्पा व्हनमाने. पुडी उकिरड्यावर टाका असं मी सांगितलं हुतं. माझी चूक झाली. पुडीत विष हाय हे खरं, पण एकदम बंद करणं त्याहून वाईट. माझी बहीण आत हाय, मराया लागली हुती, माझ्यामुळं. ज्यांनी पुडी टाकली असंल त्यांनी आजच सरकारी दवाखान्यात जावा. चक्कर, उलटी, गळाटा आला असंल तर आत्ताच. अजून कुणी घेत असंल तर त्यांनी आपल्या मनानं बंद करू नका. पुडी डॉक्टरला दाखवा, ते हळूहळू सोडवतील. मला जेवढं ठावं हुतं, त्याच्या फुडं जाऊन मी बोललो. माफ करा."

मांडीवर थाप नव्हती. हात मांडीवर नुसते पडलेले होते.

सर म्हणाले होते तसंच झालं. दुपारपर्यंत इंद्रजीत वैद्यांच्या माणसांनी त्यातलं "माझी चूक झाली" आणि "माफ करा" एवढंच कापून, मागं ढोल-ताशा लावून गावोगाव फिरवलं. 'शेळ्यांच्या डॉक्टरनं नाक घासलं.' बेंबें दुप्पट झालं. चहाच्या टपरीवर एकजण मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "मामा, आता कुठलं औषध टाकायचं, ते बी सांगा की!" मायाप्पांनी चहा अर्धा ठेवला आणि घरी आले.

"लोक हसत्यात," ते म्हाळसाबाईला म्हणाले.

"हसू द्या," ती भाकरी थापत म्हणाली. "हसणारा जिता असतूय. जे हसंनात त्यांचं बघा."

मायाप्पांनी कपाटावरची एक कोरी वही काढली. लाळ-खुरकुताची साथ आली की दवाखान्यात एक रीत होती. गाव, मालकाचं नाव, जनावरं किती, असे रकाने आखायचे, आणि एकही गोठा सोडायचा नाही. एक गोठा सुटला तर सगळ्या गावाला टोचलेलं वाया जातं, असं साहेब बजावायचे. मायाप्पांनी तसेच रकाने आखले. गाव, नाव, फोन, पुडी किती दिवस घेतली, कधी टाकली, डॉक्टरकडे गेले का. मग पहिल्या व्हिडिओखालचा एकेक शेरा वाचायला बसले. बेंबेंमधून 'टाकली' वेचून काढायचं काम दोन दिवस चाललं. दोनशे बारा नावं निघाली, त्यांना पानावरून निरोप पाठवून गाव आणि फोन मागून घेतले. सरांनी आधी नाराजी दाखवली, पण तिसऱ्या दिवशी सकाळी तेच दारात उभे होते. "अर्धी पानं मला द्या," म्हणाले.

मायाप्पा, ज्यांना आभार मानताना घाम फुटायचा, ते दिवसभर अनोळखी माणसांना फोन करू लागले. "मी ड्रेसर बोलतूय. तुमी पुडी टाकली हुती न्हवं? अंगात ताकद हाय का? उठताना डोळ्यांपुढं अंधारी येती का?" कुणी शिव्या दिल्या. कुणी जेवायला बोलावलं. पुष्कळांनी महिनाभरच पुडी घेतली होती, ते ठणठणीत होते. तरीही मायाप्पा त्यांना दवाखान्यात जाऊन या म्हणत, आणि दोन दिवसांनी गेलात का म्हणून पुन्हा फोन करत.

जे फोन उचलत नव्हते, त्यांच्याकडे ते एसटीनं गेले. दुधनीजवळच्या एका वस्तीवर धोंडप्पा नावाचे म्हातारे शेतकरी चार दिवस अंथरुणाला खिळून होते. घरच्यांना वाटलं उन्हाचं झालंय. मायाप्पांनी दुधनीच्या नोकरीत जमवलेलं कानडी बाहेर काढलं. "औषध बिट्टीरेन?" म्हाताऱ्यानं मान हलवली. हो, सोडलं. मायाप्पांनी त्यांना जीपमध्ये घालून स्वतः दवाखान्यात पोचवलं आणि सलाईन लागेपर्यंत हलले नाहीत. म्हातारे वाचले. असे आणखी तिघं सापडले, वेळेत. सिव्हिलमध्ये सुकन्या मॅडमकडे आता लोक पुड्या घेऊनच यायला लागले होते. "ड्रेसरमामांनी पाठवलंय," म्हणायचे. त्या रुग्णांचे कागद अर्जाच्या चौकशीत कामी आले. मोकळीक चूर्णाची विक्री थांबवली गेली. ती थांबली हे मायाप्पांना सरांकडूनच कळलं, कारण त्या दिवशी ते मोहोळकडे कुणाला तरी शोधत होते.

सारजाबाई पंधरा दिवसांनी घरी गेली. आता ती पांढऱ्या छोट्या गोळ्या घेत होती, दर पंधरवड्याला थोड्या कमी. गुडघे पहिल्यासारखे दुखू लागले होते. मायाप्पा भेटायला गेले तेव्हा ती भिंत धरून उठली, देवाची नावं घेतली, आणि म्हणाली, "आधी बरी पळत हुते."

"व्हय आक्का."

"मारलं असतंस मला."

"व्हय आक्का."

"वहीत किती राहिल्यात?"

"एक."

"मग हितं काय करतूयास? जा की."

राहिलेलं नाव धनलक्ष्मी पाटोळे, वैराग. फोन बंद. व्हिडिओत पंचेचाळिशीची बाई होती, तोंड चांगलंच गोल, उकिरड्यावर पुडीमागून पुडी रिकामी करत खदाखदा हसणारी. सवा महिना झाला होता. मायाप्पांनी वैरागला बाजाराच्या दिवशी चार गल्ल्या पालथ्या घातल्या. मोबाईल दाखवून विचारलं. एका बांगडीवाल्यानं घर दाखवलं. दाराला कडी होती. शेजारीण म्हणाली, "धनलक्ष्मी? ती आता न्हाय हितं."

मायाप्पा तिथंच खाली बसले.

"अवो, पिठाच्या गिरणीत गेलीया! येईल की इतक्यात. पाणी देऊ का?"

अर्ध्या तासानं डोक्यावर डबा घेऊन धनलक्ष्मी आली. तोंड तसंच गोल. चाल तशीच तरतरीत. मायाप्पांना ओळखून तिनं डबा खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला. "आगं बाई, ड्रेसरमामा! फोन पाण्यात पडला हो माजा."

"पोरी, तू पुडी टाकलीस त्याला सवा महिना झाला. तुला काय हुईना कसं? चक्कर? उलटी?"

धनलक्ष्मीनं इकडंतिकडं पाहिलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग आवाज उतरवून म्हणाली, "मामा, रागावणार न्हाय न्हवं? ती चुलीतली राख हुती. पुड्यांत भरून टाकली. गल्लीतल्या समद्या बाया टाकाया लागल्या, मी एकटीच मागं राहिले तर बरं दिसतंय का? पुड्या हायत कपाटात. आज सकाळी बी घेतली."

मायाप्पांचे खांदे हलू लागले. शेजारीण घाबरली, तिला वाटलं म्हातारा रडतोय. पण ते हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, भिंतीला टेकून. आपलं न ऐकणारं एक माणूस सापडलं, याचा एवढा आनंद कुणाला झाला नसेल.

"फसवलंस बग मला," ते म्हणाले. "लई ब्येस केलंस."

"मग आता खरंच टाकू का मामा?"

"आगं नको!" मायाप्पा ताडकन उभे राहिले. "एक बी टाकू नगंस. पिशवीत घाल, पायांत चप्पल घाल, आन् चल माझ्यासंगं. दवाखाना बंद व्हायच्या आत."